फ्रोझन जेवणाचे डबे आणि शुगर: खाऊन कुणी मोजलंय का?

डॅलस (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. नवऱ्याचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) या वेळी ६.३ आलंय, प्रीडायबेटिसची रेंज ५.७ ते ६.४, म्हणजे अगदी उंबऱ्यावर. आमच्या दोघांच्या शिफ्टा अशा आहेत की आठवड्यातले निम्मे डिनर मायक्रोवेव्हमधूनच बाहेर येतात. "घरचं ताजं करून खा" हे प्लीज लिहू नका, ते सासूबाई व्हिडिओ कॉलवर रोज सांगतात. मला हवंय ते एवढंच, की इंडियन ग्रोसरीतले किंवा अमेरिकन दुकानातले फ्रोझन डबे खाऊन कुणी खरंच बोट टोचून बघितलंय का, कशाने किती चढली आणि कधी उतरली.

सुरुवात मी करते. पनीर टिक्का मसाला आणि भात असा एकत्र ट्रे येतो तो. पूर्ण खाल्ला तर नवऱ्याची शुगर दोन तासांनी १८५-१९० च्या आसपास (मिग्रॅ/डेसिलिटरमधे). त्याच ट्रेमधला भात निम्मा काढून ठेवला आणि बाजूला फ्रोझन ब्रोकोली वाफवून दिली तर दीडशेच्या थोडी वर. ग्रेव्ही तीच, पनीर तेवढंच. त्यामुळे माझं मत असं झालंय की कुठल्या ब्रँडचा डबा यापेक्षा त्यात भात किती हेच बघावं. शिजलेल्या भाताच्या एक तृतीयांश कपातच १५ ग्रॅम कार्ब्स असतात, आणि ट्रेमधे तो कपभर तरी असतोच.

एडिसन, न्यू जर्सी
छान धागा ताई. मी दंडावर सतत शुगर मोजणारा सेन्सर लावते, २०२४ पासून इकडे प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळायला लागलाय ना तो. त्यामुळे दोन तासांचा एकच आकडा न दिसता अख्खा ग्राफ दिसतो, आणि त्यात फ्रोझन मलबार पराठ्याची लबाडी कळली. दोन पराठे आणि छोले खाल्ले की दोन तासांनी १४५ वगैरे, वाटतं की वा, भातापेक्षा बरं की. पण मग ती उतरतच नाही, चढतच राहते हळूहळू, चौथ्या तासाला १७५, झोपताना पण तीच. तेल-तूप जास्त असलं की पोट उशिरा रिकामं होतं आणि मैदा काही कुठे जात नाही, तो सावकाश येऊन भेटतोच. भाताचं उलट, पटकन वर आणि पटकन खाली. तेव्हा पराठेवाल्यांनी फक्त दोन तासांनी मोजून खूश होऊ नये असं मला वाटतं.

फ्रोझन इडलीबद्दल पण सांगते, छोट्या चार आणि भरपूर सांबार असेल तर मला चालते, पण चटणीबरोबर नुसत्या इडल्या अजिबात नाही.

बॉस्टन
मी या विषयात जरा किचकट माणूस आहे, सांभाळून घ्या. घरच्या ग्लुकोमीटरला एफडीएची (अमेरिकेची औषधं आणि उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) अपेक्षा अशी की ९५ टक्के रीडिंग्ज खऱ्या आकड्याच्या १५ टक्क्यांच्या आत असावीत. म्हणजे खरी शुगर १६० असेल तर मशीन १३६ पण दाखवू शकतं आणि १८४ पण, आणि दोन्ही वेळा मशीन ठीकच आहे. तेव्हा "या डब्याला १५८ आणि त्या डब्याला १६६, म्हणून हा चांगला" याला अर्थ नाही. धागाकर्तीचा १९० विरुद्ध १५० हा फरक मोठा आहे, तो मी मानतो, पण तोही दोन-तीनदा करून बघावा.

दुसरं, तुलना करायची तर वेळ तीच हवी (बऱ्याच जणांची सकाळी शुगर मुळातच चढेल असते), जेवणाआधीचा आकडा साधारण तोच हवा, आणि एका दिवशी जेवून चक्कर मारली, दुसऱ्या दिवशी सोफ्यावर मॅच बघितली असं नको. आणि बोट टोचण्याआधी हात धुवा हो, आंबा खाल्लेल्या बोटाने काहीही आकडा येतो.

लंडनजवळ
इकडचे शुगरचे आकडे मिमोलमधे (मिलिमोल प्रति लिटर), तुमच्या आकड्याला १८ ने भागायचं. टाइप २ वाल्यांना जेवणानंतर दोन तासांनी ८.५ च्या खाली ठेवायला सांगतात, म्हणजे तुमचे १५३. अमेरिकेत १८० च्या खाली चालतं असं ऐकून बहीण मला चिडवते.

एक लेबलची गोष्ट सांगायची होती. अमेरिकन पाकिटावर टोटल कार्ब्समधे फायबर धरलेलं असतं, इकडच्या पाकिटावर कार्बोहायड्रेट लिहितात त्यातून ते आधीच वगळलेलं असतं. नेट कार्ब्स (फायबर वजा करून उरलेले कार्ब्स) काढणारे लोक अमेरिकन व्हिडिओ बघून इकडच्या पाकिटातून परत फायबर वजा करतात, मग आकडा फसवा कमी येतो. राजमा, छोलेवाल्या डब्यात हा फरक चांगलाच मोठा होतो.

बाकी सुपरमार्केटचा चिकन टिक्का आणि पुलाव डबा मला भारी पडतो. लाल मसूर डाळ आणि पालकवाला त्याहून कितीतरी बरा.

बे एरिया
कॉलिफ्लॉवर राइस बोल. शुगर हललीच नाही, ११० ची १२२. रात्री दहाला भूक लागून चिवडा खाल्ला, त्याची मोजली नाही :)

पुणे
इथे आता फ्रोझन सगळं दहा मिनिटांत दारात येतं म्हणून लिहितेय. आईबाबा दोघंच राहतात, आईचे गुडघे गेल्यापासून अर्धवट भाजलेल्या फ्रोझन पोळ्या आणि पाकिटातल्या भाज्या असा प्रकार चालू आहे. बाबा ग्लिमेपिराइड घेतात, म्हणजे शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी डायबेटिसची गोळी. त्यांनी कुठूनतरी ऐकून भात पूर्ण बंद केला, पोळी एकच, गोळी मात्र तेवढीच, आणि संध्याकाळी घाम सुटून हात थरथरायला लागले, बघितलं तर ६२. साखरपाणी दिल्यावर पंधरा मिनिटांत माणसात आले. डॉक्टरांनी नंतर डोस कमी केला. तर ज्यांच्या घरी इन्सुलिन किंवा या जातीच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी ताटातला भात निम्मा करण्याआधी डॉक्टरांना फोन करा. नुसत्या मेटफॉर्मिनवर असं सहसा होत नाही म्हणाले ते.

आणि सगळे शुगर शुगर करताय, पाकिटावरचं सोडियम पण बघा. बाबांना बीपी आहे, दिवसाला २३०० मिग्रॅची मर्यादा, एकेका पाकिटात त्यातला तिसरा हिस्सा सहज.

टोरांटो
पण फ्रोझन भात थंड होऊन परत गरम केलेला असतो ना, मग त्यात रेझिस्टंट स्टार्च (सहज न पचणारा स्टार्च) होतो आणि शुगर कमी चढते असं सगळीकडे फिरतंय ते?

बॉस्टन
खरं आहे, पण केवढं ते बघा. २०१५ मधल्या एका इंडोनेशियन अभ्यासात ताज्या भातात १०० ग्रॅमला ०.६४ ग्रॅम रेझिस्टंट स्टार्च होता, २४ तास फ्रिजमधे ठेवून गरम केलेल्यात १.६५. म्हणजे जेमतेम एक ग्रॅम वाढला. शुगर कमी चढली त्यांच्याकडे, नाही असं नाही, पण या भरवशावर कुणी दुप्पट भात घेऊ नये. त्यापेक्षा खाण्याचा क्रम बदला. त्याच वर्षी न्यूयॉर्कला वाइल कॉर्नेलमधे टाइप २ च्या ११ लोकांवर बघितलं होतं, भाजी आणि चिकन आधी, ब्रेड आणि ज्यूस नंतर, तर तासाभरानंतरची शुगर ३७ टक्के कमी. माणसं फारच थोडी, पण फुकटचा उपाय आहे.

डॅलस (धागाकर्ती)
हे केलं! ट्रेमधे कप्पे वेगळेच असतात त्यामुळे सोपं गेलं, आधी ब्रोकोली, मग पनीर चमच्याने वेचून, भात शेवटी. भात पूर्ण खाऊनही १६५ आली. नवऱ्याची तक्रार अशी की शेवटी नुसता कोरडा भात उरतो, तेव्हा थोडी ग्रेव्ही राखून ठेवायची परवानगी दिलीये.

होळी येतेय, फ्रोझन पुरणपोळी कुणी मोजलीये का?

एडिसन, न्यू जर्सी
मोजलीये. एक पोळी, वर तूप, तासाभरात २०५. अर्धी पोळी, कटाची आमटी आणि दोन वाट्या कोबीची भाजी आधी खाऊन, १६०. पाकिटात चार असतात, अर्ध्या करून मधे बटर पेपर घालूनच फ्रीजरला टाका, म्हणजे एका वेळी अर्धीच निघते.