डर्टी रेशो २०: तसाच ठेवायचा की खाली आणायचा?

उधारखाता:
लिनक्स कर्नल लिहायचा डेटा आधी रॅममध्ये साठवतो, मग सवडीने डिस्कवर टाकतो. अजून डिस्कवर न गेलेला हा डेटा म्हणजे 'डर्टी', आपली उधारी. किती साठू द्यायचा ते दोन रेघा ठरवतात: बॅकग्राउंड रेशो (मूळ १०), जिथे कर्नल मागच्या मागे डिस्कवर लिहायला लागतो, आणि डर्टी रेशो (मूळ २०), ज्याच्यावर उधारी जाऊ नये म्हणून लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच अडवतो. हे टक्के मोकळ्या किंवा मोकळ्या करता येणाऱ्या मेमरीचे. ती ६० जीबी असेल तर पहिली रेघ ६ जीबीवर, दुसरी १२ वर. आता सेकंदाला १० एमबी लिहिणाऱ्या पेनड्राइव्हवर ४ जीबीचं फोल्डर टाका. रेघ ओलांडलीच जात नाही, पट्टी झर्रकन १०० टक्के होते आणि 'इजेक्ट' दाबल्यावर सहा-सात मिनिटं चाक फिरत बसतं. टक्के सोडा. त्याच दोन रेघा थेट आकड्यांत द्या: डर्टी बाइट्स २५६ एमबी, बॅकग्राउंड बाइट्स ६४ एमबी करा. उधारी साधारण २६ सेकंदांच्या वर जाणार नाही.

फ्लशर:
दुखणं पेनड्राइव्हचं आणि पथ्य अख्ख्या मशीनला? आतली वेगवान एनव्हीएमई एसएसडी सेकंदाला २ जीबी लिहीत असेल तर २५६ एमबी म्हणजे सेकंदाचा आठवा हिस्सा. त्यातही लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला ब्रेक दोन रेघांच्या मध्यावर, १६० एमबीलाच लागायला लागतो. कंपाइलच्या तात्पुरत्या फायली उधारीच्या ३० सेकंदांच्या मुदतीआत पुसल्या गेल्या तर एरवी डिस्कपर्यंत जातच नाहीत. ६४ एमबीवर लेखन सुरू केलंत की त्याही फुकट लिहिल्या जाणार. त्यापेक्षा सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंग्ज फायलींच्या रूपात दाखवणारं फोल्डर) त्या एका डिस्कच्या बीडीआयखाली, म्हणजे तिच्या उधारीच्या खात्याखाली, मॅक्स बाइट्स ही कमाल मर्यादा लिहा.

उधारखाता:
नुसतं मॅक्स बाइट्स लिहून काही होत नाही. एकूण साठा दोन मूळ रेघांच्या मध्यापर्यंत, म्हणजे इथे ९ जीबीपर्यंत पोचेतो कर्नल त्या आकड्याकडे बघत नाही.

फ्लशर:
बरोबर, म्हणून सोबत स्ट्रिक्ट लिमिट १ हवंच, म्हणजे ती मर्यादा पहिल्यापासून पाळली जाते. बीडीआय पूर्ण डिस्कचं असतं, पार्टिशनचं नाही. आणि काढून परत लावलं की आकडे मूळपदावर, तेव्हा यूडेव्हचा (डिस्क लावली की आपोआप काम करणाऱ्या सेवेचा) नियम लिहा.

रांगेतला:
डेटाबेस सर्व्हरवर तुमचं दोघांचंही पटत नाही. तिथे २५६ जीबी रॅम असते, १० टक्के म्हणजे जवळपास २५ जीबी. एफसिंक ('आत्ताच डिस्कवर उतरव' हा हुकूम) न करणारा बॅकअप तेवढं साचवतो, मग कर्नलचा साठा ओतणारा फ्लशर सुटतो आणि वॉलचं (डेटाबेसच्या बदलांच्या नोंदवहीचं) चिमुकलं एफसिंक त्याच रांगेत तिष्ठत राहतं. फक्त बॅकग्राउंड खाली आणा, वरची रेघ राहू द्या. पोस्टग्रेस हा डेटाबेस ९.६ पासून चेकपॉइंटचं (साचलेले बदल ठरावीक वेळाने फायलींत उतरवण्याचं) लेखन स्वतःच २५६ केबीच्या घासांनी पुढे ढकलतं, पण बॅकअपला तो लगाम नाही. आणि हो, सिसकंट्रोलच्या (या रेघा जिथे कायमच्या लिहितात त्या) फायलीत एकाच रेघेचे रेशो आणि बाइट्स दोन्ही लिहू नका: एक लिहिलं की दुसरं शून्य होतं.

उधारखाता:
फ्लशर, स्ट्रिक्ट लिमिटची ती फाइल ६.२ पासूनची. डेबियन १२ चा कर्नल ६.१, उबुंटू २२.०४ चा मूळचा ५.१५. तिथे काय करायचं?

फ्लशर:
तिथे तुमचेच डर्टी बाइट्स वापरा, पण २५६ एमबी नको, १ जीबी ठेवा.

उधारखाता:
म्हणजे 'इजेक्ट'वर शंभर सेकंद. बघा, चालत असेल तर.