बॅकअप 'घेतला' म्हणायचं की 'लागला' म्हणायचं?

धागाकर्ता :
परवा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलवाल्या मालकांच्या हापिसात गेलतो, बिलिंगचा सर्व्हर लै हळू चालायलाय म्हणून बोलावलं होतं. आपला पहिला प्रश्न ठरलेला, "मालक, बॅकअप आहे का?" तर ते एकदम खूष, "आहे की, चार तासाचा! मागच्याच महिन्यात नवीन बॅटरी टाकलीय." आणि कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरकडं बोट.

हसायचं कशाला, त्यांचं काय चुकलं? आपल्याकडं हा शब्द लोडशेडिंगच्या काळात घरात शिरला, मोबाईल घेताना पण "बॅकअप किती देतो" म्हणजे बॅटरी किती टिकते. ते तासात मोजायलेत, मी जीबीत मोजायलोय, दोघंबी आपल्या जागी बरोबर. तर विचारायचं असंय की डेटाबेसच्या बॅकअपला, म्हणजे डेटा गेला तर असावी म्हणून काढून ठेवलेल्या प्रतीला, मराठीत काय म्हणावं की समोरच्याला एका दमात कळंल? आणि क्लस्टरला, म्हणजे एकमेकांना जोडून एकच काम करणाऱ्या अनेक सर्व्हरांना, काय? तिथं क्लस्टर म्हणलं की मालक म्हणले, "ते सरकारी योजनेतलं का, टेक्सटाइल क्लस्टर?" मी पाणी प्यायलो आणि गप बसलो.

निवृत्त गुरुजी :
बाळा, शब्द तुझ्या शेजारीच पडलाय. कुठल्याही सरकारी कार्यालयात पत्र बाहेर गेलं की एक स्थळप्रत फाइलला राहते. प्रत, नक्कल, स्थळप्रत, प्रतिलिपी हे चार वेगळे आहेत, एकमेकांच्या जागी चालत नाहीत. नक्कल तलाठ्याकडं अर्ज करून मिळवायची असते, तिला शिक्का लागतो. प्रत कुणीही काढावी. तुमच्या बॅकअपला 'राखीव प्रत' म्हण, काय हरकत आहे?

क्लस्टरला मात्र आमच्या शिक्षण खात्यात 'केंद्र' म्हणायचे. दहा-बारा शाळांचं एक केंद्र आणि त्यावर केंद्रप्रमुख.

होटगी रोडवाला :
राखीव म्हणलं की मला एसटीतली सीट आठवती गुरुजी 😄 आमच्या घरात बॅकअप म्हणजे सिंटेक्सची टाकी. नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, मधल्या दिवसात काय करायचं? साठवण. 'साठवण' म्हणा बे, सोलापुरात एका माणसाला इस्कटून सांगावं लागणार नाय.

डीबीए ताई (काम डेटाबेस सांभाळायचं, माहेर सोलापूर, नोकरी पुणे) :
साठवण छान आहे पण साठवलेलं पाणी वापरलं की संपतं, बॅकअप शंभर वेळा रिस्टोअर केला, म्हणजे त्यातनं डेटा परत भरून घेतला, तरी तिथंच असतो. आणि गुरुजी, स्थळप्रत हा शब्द तुम्ही सहज टाकलात पण तो मला फारच आवडलाय, कारण निम्म्या ठिकाणी जे बॅकअप म्हणून दाखवतात ती स्थळप्रतच असते, त्याच मशीनवर, त्याच डिस्कवर, शेजारच्या फोल्डरमध्ये. मशीन गेलं की मूळ पण गेलं आणि प्रत पण. बाहेरगावी ठेवलेल्या प्रतीला वेगळा शब्द हवा.

'केंद्र' मात्र नको. क्लस्टरचा मुद्दाच हा की कुठलंही एक मशीन इतकं मोठं होऊ नये की ते पडल्यावर सगळं बसेल. त्याला केंद्र म्हणणं म्हणजे बिनमालकाच्या जागेवर पाटी लावणं.

आणखी एक गुंता सांगते, हा इंग्रजीतलाच आहे. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या भाषेत 'डेटाबेस क्लस्टर' म्हणजे अनेक मशीनं नव्हेतच. एकाच सर्व्हरच्या एका डेटा डिरेक्टरीत असलेल्या सगळ्या डेटाबेसेसना मिळून ते क्लस्टर म्हणतात, इनिटडीबी कमांड मारली की जे तयार होतं ते. त्यात भर म्हणून क्लस्टर नावाची एक वेगळीच कमांड आहे, ती टेबलातल्या ओळी इंडेक्सच्या क्रमानं लावून देते. आमच्याकडं नवीन आलेला मुलगा एकदा छातीठोकपणे म्हणाला, "आपला क्लस्टर आहे, एक सर्व्हर पडला तरी चालेल." एकच मशीन होतं! त्यानं पीजी-एलएसक्लस्टर्स ही क्लस्टरांची यादी दाखवणारी कमांड मारली, यादीत एक ओळ दिसली, 'ऑनलाइन' लिहिलेलं, झालं त्याचं समाधान. त्यामुळं 'समूह' म्हणताना पण कशाचा समूह ते सांगावं लागणार, डेटाबेसांचा की सर्व्हरांचा.

होटगी रोडवाला :
ताई मग घड म्हणा, द्राक्षाचा असतो तसा.

डीबीए ताई :
घडात एक मणी सडला की शेजारचे सडतात रे. उलटं झालं ते.

धागाकर्ता :
नावावर भांडण्यापेक्षा मला वाटायलंय आपलं मराठी क्रियापदात बसलंय. बघा, नाम सगळी इंग्रजी, पण कमांड 'मारतो', डंप 'काढतो', क्रॉन 'लावतो', सर्व्हर 'पडतो' आणि आपण त्याला 'उठवतो', नोड 'बसतो', रिस्टोअर 'चढवतो', लॉग 'भरतो'. हे कुणी शिकवलं नाय, आपोआप आलं. आणि बॅकअप? 'घेतो'. इथंच माझा घात झालाय.

एका ठिकाणी (नाव सांगत नाय) मी रात्री दोनचा क्रॉन (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारा) लावून दिलता, मायएसक्यूएलडंप काढायचा, म्हणजे मायएसक्यूएल डेटाबेसातलं सगळं एका फाइलीत उतरवायचं, आणि पाइपनं (एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला) जीझिपला दाबून लहान करायला द्यायचा. साधी एक ओळ. पुढं कुणीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला. डंपला आत घेईनात, तो एरर देऊन बाहेर, पण पाइपमध्ये शेवटच्या कमांडचा निकाल धरतात आणि शेवटची कमांड जीझिप, त्याला काहीच आलं नाय तरी तो प्रामाणिकपणे रिकामी पुडी बांधून मोकळा. रोज फाइल तयार व्हायची, तारखेसकट. २० बाइटची. रिकाम्याचं जीझिप तेवढंच भरतं. मी दर सोमवारी एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) मारून बघायचो, फाइली ओळीनं उभ्या, आणि रिपोर्टात लिहायचो 'बॅकअप घेतला'. साइजच्या रकान्याकडं बघितलंच नाय हो. पाच महिन्यांनी डिस्क गेली तेव्हा बघितलं. पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी एरर धरणारं पाइपफेल नावाचं सेटिंग असतं हे मला त्या दिवशी कळलं. त्या लोकांनी कागदावरच्या बिलांवरनं सगळं परत टाइप केलं, त्यांच्याकडची एक बाई मला अजून बाजारात दिसली की मी रस्ता बदलतो.

'घेतला' हे क्रियापद फसवं आहे. औषध घेतलं, दर्शन घेतलं, श्वास घेतला, घेतलं की संपलं, पुढं काय विचारायचंच नाय.

डीबीए ताई :
अगदी. प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या गिटलॅब कंपनीचं ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण त्यांनी स्वतःच जाहीर लिहून ठेवलंय, वाचून अंगावर काटा येतो. रात्री उशिरा इंजिनिअर थकलेला, दुय्यम सर्व्हरवरची डिरेक्टरी पुसायची होती, पण ज्या टर्मिनलमध्ये पुसली ते मुख्य सर्व्हरचं निघालं. सेकंद-दोन सेकंदात लक्षात आलं तोवर सुमारे ३०० जीबी डेटा गेलेला. मग बॅकअप बघायला गेले तर पीजी-डंप (पोस्टग्रेसचा डंप काढणारा) ९.२ व्हर्जनचा आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळं डंप निघतच नव्हता, आणि तो निघत नाही हे सांगणारे मेल मेल-सर्व्हरनं परतवलेले. शेवटी कुणीतरी सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेला स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) होता तो कामाला आला. तिथंही सगळे म्हणत असणार की बॅकअप 'घेतो' आम्ही.

आणि रेप्लिका (मुख्य सर्व्हरचा प्रत्येक बदल लगेच उतरवून घेणारा दुसरा सर्व्हर) आहे म्हणून बॅकअप नको म्हणणारे भेटले की त्यांना माझा नमस्कार सांगा. रेप्लिका आरशासारखी, तुमचा भांग विस्कटला की तिचाही विस्कटणार. ड्रॉप टेबल (टेबल उडवायची कमांड) इकडं मारलं की तिकडं पोचलंच.

(मुख्य आणि दुय्यम सर्व्हरला मास्टर-स्लेव्ह म्हणू नका आता, मायएसक्यूएलवाल्यांनी २०२० साली सोडून दिलं, सोर्स आणि रेप्लिका म्हणतात. सोलापुरात तसंही सगळेच मालक.)

निवृत्त गुरुजी :
मग क्रियापद बदला. 'लागणे' घ्या. फोन लागला, किल्ली लागली, बोअरला पाणी लागलं. या सगळ्यात प्रयत्न आपण करतो पण खरं-खोटं समोरच्या वस्तूच्या हातात असतं. किल्ली खिशात असणं वेगळं आणि कुलपाला लागणं वेगळं. बॅकअप 'काढला' आणि बॅकअप 'लागला', दोन वाक्यं, दोन रकाने.

धागाकर्ता :
गुरुजी 🙏 हे घेतलं. म्हणजे लागलं.

निवृत्त गुरुजी :
आणि मघाचं माझं केंद्र मागे घेतो, पण एक शंका. हे तीन सर्व्हर एकमेकांत ठरवतात कसं की कुणाचं ऐकायचं?

धागाकर्ता :
कोरम गुरुजी. तिघातले दोघं एकमेकांना दिसले पाहिजेत, पाचातले तीन. चारला तीन लागतात, म्हणून चौथा घेऊन तसा फायदा नाय, तीनवालाबी एकच पडणं सोसतो आणि चारवालाबी एकच.

निवृत्त गुरुजी :
मग तो आपला गणपूर्ती की! पतसंस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस वाच. 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास त्याच दिवशी त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.' ही सोय आहे का तुमच्यात?

डीबीए ताई :
नाही ना 😂 तीच तर गंमत. बहुमत गेलं की उरलेला नोड (क्लस्टरातलं एक मशीन) जिवंत असून गप्प बसतो, लिहूनच घेत नाही. ती अर्ध्या तासाची पळवाट माणूस हातानं देतो, जबरदस्तीची कमांड मारून, आणि तिथंच घोळ होतो. मधली केबल तुटलेली असते, दोन्हीकडचे सर्व्हर स्वतःलाच कर्ता समजून वेगवेगळी बिलं लिहायला लागतात. इंग्रजीत त्याला स्प्लिट ब्रेन म्हणतात.

होटगी रोडवाला :
भाऊबंदकी.

डीबीए ताई :
हा शब्द मी सोमवारी मीटिंगमध्ये वापरणार आहे.

होटगी रोडवाला :
आणि एक पडला की दुसरा उचलतो त्याला काय म्हणता तुम्ही, फेलओव्हर? गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला, या की संक्रांतीला. सात नंदीध्वज निघतात, एवढी उंच काठी एकटा पेलतो, तो दमायच्या आधी दुसरा शेजारी तयार उभा, काठी हातातनं हातात जाती पण खाली टेकत नाय. काठी 'पेलणं' म्हणतो आम्ही. दुसऱ्या सर्व्हरनं पेललं का, एवढंच विचारायचं.

धागाकर्ता :
आज परत त्या टॉवेलवाल्या मालकांकडं गेलतो. बॅकअप शब्द काढलाच नाय. म्हणलं, "मालक, समजा आज रात्री ह्या मशीनला आग लागली, उद्या सकाळी बिल कुठनं काढणार?" ते म्हणले, "तुला फोन करणार." मग त्यांच्यासमोरच डंप काढला, पेन ड्राइव्हवर घेतला आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर चढवला. टेबलं आली, ओळी मोजल्या, जुळल्या, पण बिलावरचा टॅक्स निघंना. बघतो तर त्याच्या प्रोसिजर (डेटाबेसातच साठवलेले हिशेबाचे प्रोग्राम) आल्याच नाहीत, मायएसक्यूएलडंपला रूटीन्स असं वेगळं सांगावं लागतं, सांगितलं नाय तर तो त्या मागंच ठेवतो. परत काढला, परत चढवायला लावलाय. अर्ध्या तासापूर्वी घरी आलो तर मालकांचा मेसेज, "लागला का रे?"

अजून चढायलाय म्हणून कळवलंय.