मदत हवी आहे: महाबळेश्वरात केटलमधले पाणी ९५ अंशांच्या वर जात नाही, केटल बदलावी का?

नमस्कार. दिवाळीनंतर आम्ही मुंबईहून महाबळेश्वरला राहायला आलो आणि येथे आल्यावर १५०० वॉटची एक इलेक्ट्रिक केटल घेतली. सासूबाईंना सकाळी टी-बॅग घातलेला कोरा चहा लागतो. पहिल्याच दिवशी त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, ह्या पाण्याला आधणच आलेलं नाही." मी ते मनावर घेतले नाही, पण आठवडाभर तेच ऐकल्यावर स्वयंपाकघरातला डिजिटल तापमापक पाण्यात धरून पाहिला. पाणी खळखळून उकळत होते, झाकणाला वाफ धरली होती, खटका पडून केटल आपोआप बंदही झाली, आणि आकडा होता ९५.३.

दुकानदाराने थोड्या नाराजीनेच केटल बदलून दिली. दुसऱ्या केटलमध्ये आकडा आला ९५.४. आता तिसऱ्यांदा त्यांच्याकडे जाण्याचा धीर होत नाही, म्हणून येथे विचारते. केटल १०० अंश होण्याआधीच बंद होते, हा तिच्या खटक्यातला दोष असू शकतो का? जास्त वॉटची केटल घेतल्यास पाणी अधिक तापेल का? शिवाय आम्ही पिण्याचे पाणीही याच केटलमध्ये उकळतो, तेव्हा ते ९५ अंशांवर निर्धोक होते की नाही, ही खरी काळजी आहे.

प्रतिसाद १

केटल बदलू नका, तिच्यात काहीही बिघाड नाही. पाणी १०० अंशांना उकळते हे आपण शाळेत पाठ केलेले वाक्य समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबापुरतेच खरे आहे. पाण्यातून निघू पाहणाऱ्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की पाणी उकळते, आणि आपण जितके उंच जाऊ तितका हवेचा दाब कमी होत असल्यामुळे उकळीही तितकी लवकर फुटते. ढोबळ हिशेब असा की दर ३०० मीटरला साधारण एक अंश उतरतो. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे, म्हणजे साडेचार अंश कमी, आणि तुमचा तापमापक नेमके तेच सांगतो आहे. पुण्यात हाच आकडा ९८ च्या आसपास येईल आणि लेहमध्ये ८८ च्या.

खटक्याबद्दलचा गैरसमज मात्र फार जणांचा असतो. केटलचा खटका १०० अंश मोजून पडत नाही. उकळी आल्यावर वाफ एका अरुंद वाटेने खटक्याजवळ बसवलेल्या दोन धातूंच्या चकतीपर्यंत पोहोचते, त्या उष्णतेने चकती एकदम उलटी वाकते आणि वीज तोडते. म्हणूनच झाकण उघडे राहिले तर वाफ बाहेर निसटते आणि केटल बंद होण्याचे नाव घेत नाही. तुमची केटल बंद होते, याचा अर्थ तिच्यात पुरेशी वाफ झाली होती.

वॉट वाढवून पाणी लवकर उकळेल, पण जास्त गरम होणार नाही. एकदा उकळी फुटली की पुढची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, आणि ते काम भलतेच खर्चिक आहे: एक लिटर पाणी ० पासून १०० अंशांपर्यंत तापवायला जितकी उष्णता लागते, त्याच्या पाचपटींहून अधिक उष्णता त्याची पूर्ण वाफ करायला लागते.

प्रतिसाद २

पाण्यात चिमूटभर मीठ टाकून पाहा, त्याने उकळण्याचे तापमान वाढते असे ऐकले आहे.

प्रतिसाद १ (पुन्हा)

वाढते हे खरे, पण एक लिटर पाण्यात एक अंश वाढवायचा असेल तर जवळजवळ ५८ ग्रॅम मीठ घालावे लागेल. तो चहा सासूबाईंना देण्याची जबाबदारी आपण घ्यावी.

प्रतिसाद ३

पिण्याच्या पाण्याबद्दल सांगतो. पाण्यातले रोगजंतू मरण्यासाठी १०० अंशांची गरज नसते, ७० अंशांच्या पुढेच ते झपाट्याने मरू लागतात. खळखळून उकळलेले पाणी एक मिनिट तसेच उकळत ठेवावे आणि सुमारे २००० मीटरच्या वर राहत असल्यास तीन मिनिटे ठेवावे, असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे. तुम्ही २००० मीटरच्या खालीच आहात. केटल उकळी येताच बंद होत असल्याने ते एक मिनिट तिच्यात मिळत नाही, तेव्हा पिण्याचे पाणी गॅसवर पातेल्यात उकळावे. झाकण उघडे ठेवून केटल चालू ठेवण्याचा उद्योग करू नये.

थोडे अवांतर: हाच गुणधर्म उलट वापरून पूर्वी उंची मोजत असत. ब्रिटिश सर्वेक्षण खात्यासाठी काम करणारे नैनसिंग रावत १८६६ साली वेष पालटून तिबेटमधल्या ल्हासाला पोहोचले, तेव्हा त्यांनी उकळत्या पाण्यात तापमापक धरून त्या शहराच्या उंचीचा अंदाज बांधला होता. तुम्ही सासूबाईंच्या चहातून महाबळेश्वरची उंची काढली आहे.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. काल दोन गोष्टी करून पाहिल्या. कुटलेला बर्फ आणि थोडे पाणी एकत्र ढवळून त्यात तापमापक धरला तर ०.२ दाखवले, म्हणजे तापमापक विश्वासाचा आहे. मग गॅसवर स्टीलच्या पातेल्यात पाणी ठेवून दहा मिनिटे उकळत राहू दिले. आकडा ९५.४ वर गेला आणि गॅस मोठा केला तरी तेथून हलला नाही.

आणखी एक लक्षात आले. मी पाणी थंडगार जाड कपात ओतत होते, आणि टी-बॅग घालेपर्यंत ते ८६ अंशांवर उतरलेले असे. म्हणजे सासूबाईंची तक्रार खोटी नव्हती, फक्त तिचे कारण केटलमध्ये नव्हते. आज कप आधी गरम पाण्याने विसळून घेतला, पाणी लगेच ओतले आणि वर बशी झाकून टी-बॅग नेहमीपेक्षा दोन मिनिटे अधिक ठेवली. सासूबाईंनी चहा पूर्ण प्यायला. "आता आधण आलं," एवढेच म्हणाल्या, आणि मी त्यांना ९५ चा आकडा सांगितलेला नाही.

शेवटची एक शंका: येथे तूरडाळही कुकरमध्ये शिजायला वेळ घेते, त्याचे कारण हेच का?

प्रतिसाद १

काही अंशी हेच. कुकरची शिट्टी आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा ठराविक प्रमाणात जास्त राखते, आणि बाहेरचाच दाब कमी असल्याने मुंबईत ज्या कुकरमध्ये १२० अंश होतात, त्यात तुमच्याकडे ११८ च्या आसपास होतील. एखादी शिट्टी जास्त करा. उघड्या पातेल्यात डाळ शिजवत असाल तर मात्र ती रात्रीच भिजत घाला.