मदत हवी आहे : नॅवर्थ किल्ल्याचा वारसावाद

उत्तर इंग्लंडच्या कंबरलँडमधील नॅवर्थ किल्ल्याच्या वारसावादावर लिहिताना मी एका मुद्द्यावर अडलो आहे. १५६९ मध्ये बालवयीन जॉर्ज डेकर लाकडी घोड्यावरून पडून मरण पावला. त्याचा सावत्र पिता व पालक असलेल्या नॉर्फोकच्या ड्यूकने त्याच्या तिन्ही बहिणींची लग्ने आपल्याच मुलांशी ठरवून मालमत्ता घरात आणली, तर चुलता लेनर्ड याने पुरुष वारस म्हणून दावा सांगितला आणि निकाल बहिणींच्या बाजूने लागून तो डावलला गेल्यावर किल्ला बळकावून फेब्रुवारी १५७० मध्ये गेल्ट नदीकाठी लढाई हरला. पालकानेच लाभार्थी व्हावे, हे मला फार खटकते. सरकारी पत्रव्यवहाराचे छापील सारांश वाचले, परंतु त्यांत लेनर्डच्या बंडाचाच तपशील अधिक आहे. मला लॅटिन येत नाही आणि इंग्लंडला जाणे शक्य नाही. बहिणींच्या बाजूचा निकाल केवळ सरदारकीपुरता होता की किल्ल्यालाही लागू होता, हे कोणत्या इंग्रजी साधनात पाहावे?