मदत हवी आहे: गड्ड्याच्या मिरवणुकीत लहान मुलाचे फोटो कसे काढू?

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितेय. गड्डा म्हणजे आमची संक्रांतीतली सिद्धेश्वरांची यात्रा. भाचा ५ वर्षांचा आहे, यंदा पहिल्यांदाच बाराबंदी (यात्रेतला पांढरा पारंपरिक पोशाख) घालून आजोबांबरोबर नंदीध्वजामागं (मिरवणुकीत तोलत नेतात त्या उंच काठीमागं) चालणार, घरात लई कौतुक चाललंय आणि फोटोची जबाबदारी माझ्यावर. क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा डीएसएलआर आहे, १८-५५ किट लेन्स आणि ५० एमएम एफ १.८.

घरी बाराबंदी घालून बघितली तर पोरगं एका जागी थांबंना, चेहरा हललेला येतो, शटर वाढवला तर ट्यूबलाईटमुळं आडवे पट्टे येतात आणि पांढरे कपडे राखाडी दिसतात. मिरवणुकीत रात्रीपण काढायचेत. फ्लॅश मात्र नको वाटतोय, एवढा उंच जड ध्वज तोलत चाललेल्या माणसाच्या डोळ्यावर प्रकाश मारणं बरोबर नाही. सेटिंग काय ठेवू सांगा की ओ.

प्रतिसाद १:
ताई, फ्लॅश नको हे एकदम बरोबर. चालणाऱ्या पोराला शटर १/२५० सेकंद पुरतो, पळायलं तर १/५००. ऑटो आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) लावा आणि ६४०० पर्यंत जाऊ द्या, दाणे दिसले तर दिसू देत, हललेला चेहरा नंतर दुरुस्त होत नाही. हलणाऱ्या पोरावर सतत फोकस राहायला निकॉनला एएफ-सी, कॅननला एआय सर्व्हो. ५० एमएमवर अॅपर्चर एफ १.८ ऐवजी २.८ ठेवा, नाहीतर एक डोळा शार्प आणि नाक गायब.

पांढऱ्याचं असंय की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सगळं मध्यम राखाडी धरतो, म्हणून दिवसा फ्रेममध्ये बाराबंदीच जास्त असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोतला उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) +१ करा. रात्री उलटं, मागं काळोख असला की मीटर उजेड वाढवतो आणि पांढरं जळून जातं, तेव्हा -१ च्या आसपास. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, नंतर दुरुस्ती सोपी जाते. ट्यूब आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते म्हणून घरात शटर १/१००, किंवा सरळ ट्यूब बंद करून खिडकीजवळ उभं करा, तिथला उजेड कधीपण भारी.

प्रतिसाद २:
संमती कट्ट्यावर (सिद्धेश्वर मंदिराजवळचा कट्टा) यात्रेतल्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता दुपारी असतात, ऊन डोक्यावर, डोळ्याखाली काळं येतं. सावलीत घ्या, नाहीतर ऊन पोराच्या पाठीमागं ठेवून त्याच्या चेहऱ्यावर एक्स्पोजर घ्या. आणि खाली बसून त्याच्या उंचीवरून काढा, पण गर्दीत बसू नका, चेंगराल. बसून काढायचे ते फोटो निघायच्या आधी दारात, आजोबा तयारी करून देत असताना. "हस" अजिबात म्हणू नका, दात विचकतो, आजोबांनाच काहीतरी बोलायला लावा.

धागाकर्ती:
खूप आभार दोघांचे, +१ करून बघितलं, पांढरं खरंच पांढरं आलं! आता एकच, ५० एमएम क्रॉप सेन्सरवर ७५-८० एमएमसारखी (जास्त जवळ आणणारी) पडते ना, मग गर्दीत मागं सरकायला जागा मिळंल का?

प्रतिसाद १:
नाही मिळणार. दिवसा १८-५५ लावा, अंधार पडायच्या आधी एखाद्या दुकानात शिरून ५० लावा, धुळीत लेन्स उघडू नका. रात्री नुसता चेहरा आणि आजोबांचा हात एवढंच धरा.