मदत हवी आहे: मिशिगन युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमची कुठली होम मॅच आई-बाबांना दाखवू?
आई-बाबा सप्टेंबरशेवटी ॲन आर्बरला येतायत, दिवाळी करून परत जाणार, आणि 2025 च्या सीझनची एक तरी मॅच त्यांना बिग हाऊसमध्ये (म्हणजे मिशिगन स्टेडियममध्ये) दाखवायचीच आहे. शेड्यूल बघितलं तर ओक्लाहोमा, नेब्रास्का, यूएससी यांच्याशी मॅच सगळ्या बाहेरगावी, ओहायो स्टेट थेट 29 नोव्हेंबरला. उरल्या दोनच, 4 ऑक्टोबरला विस्कॉन्सिन आणि 18 ला वॉशिंग्टन. मला वॉशिंग्टन बघायची जास्त इच्छा आहे पण त्या दिवशी धनत्रयोदशी, दिवेलागणीला घरी हवं, आणि किकऑफची (मॅच सुरू व्हायची) वेळ अजून आलेली नाही. रीसेलवर तिकिटं दोन्हीची मिळतायत. बॅग आत नेऊ देत नाहीत, बाकांना पाठ नसते हे माहितीये. बाबांचे गुडघे दुखतात आणि स्टेडियम जमिनीत खोल, रस्त्याच्या पातळीवरून आत शिरायचं नि खाली उतरायचं. तर वेळ साधारण किती दिवस आधी कळते, आणि पायऱ्या कमी लागाव्यात म्हणून कितव्या रांगेची तिकिटं घेऊ?