पंचेचाळिशीनंतर सरळ केस नागमोडी व्हायला लागलेत, सांभाळायचे कसे?

आडवाभांग:
वय ४८. केस आयुष्यभर इतके सरळ की क्लिप लावली तरी तासाभरात घसरून कानावर यायची. गेल्या दोनेक वर्षांत मात्र काहीतरी बिनसलंय. कानामागचे आणि मानेजवळचे केस वळायला लागलेत. आधी वाटलं रबरबँडची मोड पडत असेल, पण धुऊन मोकळे सोडले तरी तेच. वरचा थर अजून बराचसा सरळ, आतला नागमोडी, आणि भांगाजवळचे पांढरे केस या दोघांचंही ऐकत नाहीत, ते आपले ताठ उभे. सकाळी नेहमीचा बारीक दातांचा कंगवा फिरवला की सगळ्याचा झाडू होतो.

पाळी सध्या अनियमित आहे, त्याचा काही संबंध असेल का? केस रंगवणं, सरळ करून घेणं यातलं काही कधी केलेलं नाही. लेकीने कुरळ्या केसांचे व्हिडिओ पाठवलेत. त्यातल्या बायका एकावर एक इतकं काही थापतात की ते सगळं मी लावलं तर केस दुसऱ्या दिवशीही वाळायचे नाहीत. शिवाय एक म्हणते शाम्पू सोडा, दुसरी म्हणते तेल सोडा, तिसरी म्हणते कंगवा सोडा. सोडायला माझी हरकत नाही, पण कारण तरी कोणी सांगेल का? सकाळी नऊला घराबाहेर पडायचं असतं, हे लक्षात घेऊन सांगा.

काचनळी:
कारणाचं मी सांगते, बाकीचं जाणकार सांगतील.

केसाला वळण मिळतं ते कातडीच्या आत, मुळाशी. केस जिथून उगवतो ती पिशवी सरळ आणि गोल असेल तर केस सरळ येतो, वाकडी आणि लांबट असेल तर वळत येतो. बाहेर दिसणारा केस निर्जीव असतो, तो आपणहून बदलत नाही. बदलतो तो नवीन उगवणारा. पाळी जायच्या आसपास इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं, केसाची वाढीची मुदत आखडते, केस बारीक होतात, टाळूतून पाझरणारं तेलही कमी होत जातं. वयानुसार केसांची वळणंही वाढलेली आढळतात. त्यामुळे तुमचा अंदाज बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. पांढऱ्या केसांत रंगद्रव्य नसतं आणि ते बऱ्याचदा जास्त राठ लागतात, म्हणून ते वेगळे वागतात.

एक बघा. लाट मुळाकडून सुरू होते की टोकाकडून? केस महिन्याला साधारण १ सेंमी वाढतो. मुळाकडचा भाग वळतोय आणि टोकं सरळ असतील तर ही खरोखर नवी वाढ आहे. उलट टोकंच पिंजारलेली आणि मुळं सरळ असतील तर ती झीज आहे, तिचा उपाय कात्री.

आडवाभांग:
आत्ताच आरशात पाहिलं. मुळापासून दोन बोटं सोडली की लाट सुरू होते, आणि शेवटची वीतभर पूर्वीसारखी सरळ लोंबते. म्हणजे नवी वाढच म्हणायची.

पांढरीबट:
ताई, अभिनंदन! मी ५६ वर्षांची, याच वाटेने आले. लांब लिहिते आहे, चहा घेऊन बसा.

आधी ते व्हिडिओ बाजूला ठेवा. ते वाईट नाहीत, पण ते घट्ट कुरळ्या केसांसाठी असतात. तुमचे आणि माझे लाटेचे केस. घट्ट कुरळ्याला जड क्रीम, केसांचं बटर, तेल लागतं कारण तो फार कोरडा असतो. लाटेवर तेच ओतलं की लाट वजनाने सरळ होते, केस चिकट दिसतात आणि बाई म्हणते, 'माझ्या केसांना काही लागू पडत नाही.' आपल्याला कमी वस्तू लागतात. माझ्याकडे तीनच आहेत: सौम्य शाम्पू, पातळ कंडिशनर, पाण्यासारखा जेल. चौथी मोठ्या दातांची फणी, ती काही बाटलीत मिळत नाही.

आता कारण. केस ओला झाला की त्यातले काही बंध सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात (काचनळी, चुकलं तर दुरुस्त करा). जुळताना केस ज्या आकारात असेल तोच आकार पुढच्या धुण्यापर्यंत टिकतो. म्हणून सगळी मेहनत ओल्या केसांवर करायची, आणि वाळायला लागले की हात काढून घ्यायचा. आपण सरळ केसवाल्या नेमकं उलट करत आलो: ओले केस टॉवेलने खसाखसा पुसायचे आणि वाळल्यावर विंचरायचे. सरळ केसांना ते खपतं. लाटेचा केस कोरडा विंचरला की प्रत्येक वळण सुटं होतं, म्हणूनच तुमचा झाडू.

मी काय करते ते सांगते. शाम्पू फक्त टाळूला, लांबीला नाही. खाली वाहून जाणारा फेस तिला पुरतो. शाम्पू अजिबात सोडू नका. टाळू ही कातडी आहे, तिच्यावर घाम, तेल, कोंडा सगळं साचतं. कंडिशनर कानाच्या पातळीपासून खाली, भरपूर, आणि तो केसात असतानाच फणी फिरवायची, टोकाकडून सुरू करून वर वर. आठवड्यातलं एकमेव विंचरणं तेच. मग धुऊन टाकायचं, पण केस पिळायचे नाहीत. पाणी टपकत असतानाच जेल तळहातावर चोळून केसांच्या लांबीवरून फिरवायचा, डोकं पुढे झुकवायचं आणि टोकं ओंजळीत घेऊन वर टाळूकडे दाबायची. दाबायचं, सोडायचं, चुरगळायचं नाही. जुन्या सुती टी-शर्टने पाणी टिपायचं. टॉवेलच्या धाग्यांत केस अडकतात. मग हात लावायचा नाही. हे सगळ्यात अवघड, माझा हात अजून आपोआप डोक्याकडे जातो.

जेल वाळला की केस कडक लागतात. घाबरू नका, तो कडकपणा मुद्दाम हवा असतो, वाळेपर्यंत लाट त्यात धरून राहते. पूर्ण वाळल्यावर, अगदी पूर्ण, ओंजळीत घेऊन हलकं दाबलं की कडकपणा मोडतो आणि आत मऊ केस मिळतात.

नऊच्या घाईचं उत्तर: सकाळी धुऊच नका. संध्याकाळी धुवायचे, झोपेपर्यंत वाळतात. रात्री सगळे केस डोक्याच्या शेंड्यावर सैल गोळा करायचे, उशीला सॅटिनचा अभ्रा. सकाळी बोटं ओली करून वरचा थर नीट करायचा, निघायचं. कंगवा नाही. आपल्या पिढीला विंचरल्याशिवाय बाहेर पडणं म्हणजे दात न घासल्यासारखं वाटतं, पण सवय होते.

गवतीपान:
एवढ्या खटपटीपेक्षा एकदा पार्लरमध्ये जाऊन सरळ करून घ्या ना. माझ्या वहिनीने केलंय, छान दिसतात.

पांढरीबट:
करायला ना नाही. पण मुळाशी केस वळतच उगवणार. सहा महिन्यांत सहा-सात सेंमी लाट वर आणि खाली सरळ, मग पुन्हा खुर्चीत. ज्यांना ते आवडतं त्यांनी करावं, मला आवडलं नाही.

काचनळी:
बंधांचं बरोबर आहे. पाण्याने सुटतात ते हायड्रोजन बंध. दमट हवेतही तेच सुटतात, म्हणून केस फुलतात. कायमचं सरळ करणारी रसायनं डायसल्फाइड बंध, म्हणजे केसाचे जास्त पक्के जोड, तोडतात, ते पाण्याने परत जुळत नाहीत. पार्लरमध्ये केस गुळगुळीत करायला 'केराटिन' म्हणून जे करतात त्यातल्या काही मिश्रणांतून गरम करताना फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू निघतो. आणि ग्लायऑक्सिलिक आम्ल असलेल्या मिश्रणानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत. करायचंच असेल तर बाटलीवरची घटकांची यादी मागून वाचा. दाखवली नाही तर उठून या.

तेलाचंही सांगते, कारण ते सोडा म्हणणारी अर्धीच बरोबर आहे. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रथिन वाहून जाणं कमी करतं. म्हणून ते धुण्याआधी लावायचं. धुतल्यानंतर लाटेच्या केसांना लावलं तर नुसतं वजन. जेलच्या डबीवर ग्लिसरीन पहिल्या दोन-तीन घटकांत असेल तर दमट दिवसांत केस आणखी फुलू शकतात, तेवढं बघा.

सायंतारा:
एक वेगळी गोष्ट. माझे केस चाळिशीत असेच वळले होते, आणि मी पुरुष आहे, म्हणजे पाळीचा प्रश्न नाही. फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट सुरू होतं. डॉक्टर म्हणाले, त्या औषधाने असं होऊ शकतं, औषध मात्र मनाने बंद करायचं नाही. ताई, कुठलं नवीन औषध सुरू झालंय का? केस गळतही असतील किंवा थकवा, वजनवाढ, थंडी वाजणं असं काही असेल तर थायरॉइड आणि लोह एकदा तपासून घ्या. थायरॉइड कमी पडलं तर केस राठ आणि कोरडे होतात.

आडवाभांग:
औषध कुठलंच नाही. थायरॉइड आणि फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) गेल्याच महिन्यात झालं, दोन्ही ठीक. धन्यवाद, हे डोक्यातच आलं नव्हतं.

पांढरीबटताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. आतल्या थराला अशी लाट आली की लेक म्हणाली, पैसे कुठे दिलेस? पण वरचा थर चपटा, टाळूला चिकटलेला. आणि पांढरे केस उभे ते उभेच.

पांढरीबट:
वरच्या थराला जेल कमी, जवळजवळ नाहीच. हाताला उरलेला तेवढा फिरवायचा. कंडिशनर तर तिथे अजिबात नको. वाळताना भांगाच्या दोन्ही बाजूंना मुळाशी दोन-तीन लहान चिमटे लावून केस उचलून धरायचे, वाळल्यावर काढायचे. ड्रायर असेल तर कमी उष्णता, एका हाताचं अंतर, आणि डोकं उलटं. भांगही रोज एकाच जागी नको (तुमचं नाव बघता ही सूचना नाजूक आहे).

पांढरे केस ओले असतानाच जेलच्या बोटाने त्यांच्या दिशेने आडवे बसवायचे आणि एका चिमट्यात धरायचे. उपटायचे नाहीत. परत येतो तो लहान असतो आणि आणखी ताठ उभा राहतो.

आडवाभांग:
आणखी एकच. खालची वीतभर सरळ टोकं वळतच नाहीत, लाटेखाली शेपट्या लोंबतात. वाट बघू का?

पांढरीबट:
ती कधीच वळणार नाहीत, ती जुनी वाढ आहे. शिवाय त्यांचं वजन लाटेला खाली ओढतं. कापायला मन होत नसेल तर दर दोन महिन्यांनी दोन बोटं, पण एकदम कापलं तर वरचा थरही बराच उचलेल.

कापणाऱ्याला मात्र आधी सांगायचं: केस वाळलेले, मोकळे, तुमच्या नेहमीच्या लाटेत असताना काप. ओला केस ताणून कापला की वाळल्यावर वर चढतो आणि सांगितलं त्यापेक्षा आखूड होतो. थर हवेत, पण मोठे आणि थोडे. केस पातळ करायची ती दातेरी कात्री लावू देऊ नका, कापलेले लहान केस लाटेतून बाहेर येऊन पुन्हा फुलतात. आणि ड्रायर मारून सरळ करून दाखवू का असं विचारलं तर नाही म्हणा, नाहीतर कसं कापलंय ते घरी धुतल्यावरच कळतं.